गीझर २००० वॅटचा, पण व्होल्टेज आणि करंट गुणलं की १२९५च येतंय, असं का?

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. आमचं घर पाटणच्या वर डोंगरातल्या वाडीत आहे, लाईनच्या अगदी शेवटाला, डीपी (ट्रान्सफॉर्मर) खाली गावात, त्यामुळे संध्याकाळी सगळीकडचे दिवे लागले की आमच्याकडची लाईट मंदावते. दिवाळीत १५ लिटरचा स्टोरेज गीझर घेतला, पाटीवर २००० वॅट, २३० व्होल्ट असं छापलेलं आहे. दुकानदार म्हणाला होता पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापेल, इथे अर्धा तास होत आला तरी सासूबाई म्हणतात कोमटच आहे.

माझा दीर सोलरची कामं करतो, त्याच्याकडे मल्टीमीटर पण आहे आणि क्लॅम्प मीटर पण. त्याला बसवून मोजायला लावलं. बाथरूमच्या बोर्डवर दोन सॉकेट आहेत, एकात गीझर, दुसऱ्यात मल्टीमीटर लावला. गीझर बंद असताना १९८ व्होल्ट. गीझर चालू केला की त्याच जागी १८५ व्होल्ट. क्लॅम्प फेजच्या वायरला लावला तर करंट ७ अँपियर.

शाळेत शिकलेलं आठवून गणित केलं. १८५ × ७ = १२९५ वॅट. १८५ ÷ ७ = २६.४ ओहम. मग २००० वॅट गेले कुठे? दुकानदाराने कमी वॅटची कॉईल घालून दिली का? पावती आहे, वॉरंटी आहे, भांडायचं तर आत्ताच भांडता येईल पण आधी खात्री करून घ्यावी म्हटलं. आणि वॅट कमी म्हणजे बिलही कमी येणार का, हे पण सांगा. घरात एकजण म्हणतात की स्टॅबिलायझर लावला की सगळं सुटेल, तो लावावा का?

टाँगटेस्टर:
ताई, दुकानदाराशी भांडू नका, गीझर बरोबर आहे. आणि तुमच्या दिराने मोजलंय ते पण एकदम व्यवस्थित मोजलंय, चालू लोडवर व्होल्टेज घेतलं हे फार चांगलं केलं, कारण बरेच जण बंद लोडवरचं व्होल्टेज आणि चालू लोडवरचा करंट गुणतात आणि उत्तर चुकीचं येतं. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो, हाच हिशेब पोरांना पहिल्या वर्षी करायला लावतो.

पाटीवर जे २००० लिहिलंय ते २३० व्होल्टला २००० आहे. पाटीवरचे हे दोन आकडे जोडीनेच वाचायचे, एकटा वॅटचा आकडा अर्धवट आहे. आता त्या दोन आकड्यांवरून कॉईलचा रेझिस्टन्स काढा. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० × २३० = ५२९००, भागिले २०००, उत्तर २६.४५ ओहम. आणि तुम्ही स्वतः मोजून काढलेला किती? २६.४. म्हणजे आत २००० वॅटचीच कॉईल आहे. कमी वॅटची घातली असती, समजा १५०० ची, तर २३० चा वर्ग भागिले १५०० म्हणजे ३५ ओहम आले असते. तुमचा पुरावा तुम्हीच काढलाय.

कॉईलमध्ये ठरलेला असतो तो रेझिस्टन्स. वॅट हे कॉईलच्या अंगात नसतात, तुम्ही तिला जेवढं व्होल्टेज द्याल त्यावर ते ठरतात. २३० दिलं तर करंट २३० ÷ २६.४५ = ८.७ अँपियर आणि पॉवर २०००. १८५ दिलं तर करंट ७ आणि पॉवर १२९५. व्होल्टेज साधारण २० टक्के पडलंय पण पॉवर ३५ टक्के पडली, हे बघून माणूस गोंधळतो. कारण व्होल्टेज कमी झालं की त्याच्यामुळे करंट पण कमी होतो, आणि पॉवर म्हणजे दोघांचा गुणाकार, त्यामुळे मार दुहेरी बसतो. ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४, तेच तुमच्याकडे झालंय.

बिलाचं सांगतो. १५ लिटर पाणी २० डिग्रीवरून ५० वर न्यायचं तर लागणारी उष्णता ठरलेली आहे, १५ × ४.१९ × ३० म्हणजे साधारण १८८५ किलोज्यूल, युनिटमध्ये ०.५२. ही उष्णता २००० वॅटने दिली तर सोळा मिनिटांच्या आत काम होतं, १२९५ ने दिली तर चोवीस मिनिटं लागतात. तुमच्याकडे पाणी २० पेक्षा गार असेल, डोंगरात थंडीत असतंच, तर अर्धा तास लागणारच. युनिट दोन्हीकडे तेवढेच. उलट जास्त वेळ गरम राहिलेली टाकी बाहेर थोडी उष्णता सोडते, तो किंचित तोटाच. म्हणजे वॅट कमी म्हणून बिल कमी असं काही नाही.

पण मला तुमच्या आकड्यांतला दुसराच आकडा खटकतोय. बंद असताना १९८, चालू केल्यावर १८५. तेरा व्होल्ट कुठे पडले? ७ अँपियर करंट वाहताना १३ व्होल्ट पडतात याचा अर्थ डीपीपासून तुमच्या सॉकेटपर्यंतच्या रस्त्यात १३ ÷ ७ = १.८६ ओहम रेझिस्टन्स आहे. आणि तिथे १३ × ७ = ९१ वॅट उष्णता होतेय, पाण्यात नाही, वायरीत. ही उष्णता सगळ्या लांबीभर पसरली असेल तर ठीक, एकाच जागी असेल तर धोका आहे.

एक काम करा. गीझर चालू ठेवून मीटरच्या बोर्डवर, मेन स्विचच्या बाहेरच्या बाजूला व्होल्टेज घ्या. आणि मीटरपासून बाथरूमपर्यंत वायर किती मीटर आहे, कुठल्या साईझची आहे तेही बघून सांगा. हे काम दिराकडूनच करून घ्या, टर्मिनल उघडी असतात, पायात चप्पल असू द्या, हात ओले नकोत.

बारावी_सायन्स:
काका, मला याच्यातच एक शंका आहे. तुम्ही म्हणताय कॉईलचा रेझिस्टन्स ठरलेला असतो. आमच्याकडे जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब होता, मी तो काढून मल्टीमीटरने ओहमवर मोजला तर ४० ओहमच्या आसपास आला. मग तुमच्या सूत्राने २३० × २३० ÷ ४० म्हणजे १३०० वॅटच्या पुढे जातं. १०० वॅटचा बल्ब १३०० वॅट कसा खाईल? प्रॅक्टिकलला हेच विचारलं तर काय लिहायचं?

टाँगटेस्टर:
बाळा, शंका छान आहे आणि मोजून विचारलीस हे जास्त छान. बल्बच्या आत टंगस्टनची तार असते. तू मोजलास तेव्हा ती गार होती. लागल्यावर ती अडीच हजार डिग्रीच्या आसपास जाते आणि शुद्ध धातूचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढत जातो, तो तिथे पोचेपर्यंत तेरा-चौदा पट झालेला असतो. १०० वॅटचा पेटलेल्या अवस्थेतला रेझिस्टन्स ५२९०० ÷ १०० = ५२९ ओहम. गार असताना ४०. दोन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या तापमानाचे आहेत. आणि तुझे ते १३०० वॅट अगदी खोटे नाहीत, बटण दाबलं त्या क्षणी, तार तापायच्या आधी, तो बल्ब खरंच तेवढा करंट ओढतो, पण सेकंदाच्या फार छोट्या भागापुरता. जुने बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच उडायचे त्याला हे एक कारण.

गीझरच्या कॉईलमध्ये टंगस्टन नसतं, निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू असतो, नायक्रोम. त्याचा रेझिस्टन्स तापला तरी थोडेसेच टक्के बदलतो, आणि पाण्यात बुडालेली असल्यामुळे ती लालबुंद पण होत नाही. म्हणून गीझर, इस्त्री, रॉड यांना गार असताना मोजलेला ओहम चालतो. प्रॅक्टिकलला असं लिही की ओहमचा नियम तापमान कायम असताना लागू होतो आणि बल्बचा व्होल्टेज-करंटचा ग्राफ सरळ रेषेत येत नाही, तो वाकतो. मार्क मिळतील.

आणि सगळ्यांसाठी सांगतो, मल्टीमीटर ओहमवर असताना चालू लाईनला कधीही टेकवायचा नाही. वस्तू प्लगमधून काढलेली पाहिजे, थर्मोस्टॅटचा काटा चालू बाजूला पाहिजे नाहीतर सर्किट तुटलेलं दिसेल.

कोयनाकाठ:
ताई माझं ऐका, आमच्याकडे पण हाच प्रॉब्लेम होता, कमी व्होल्टेजचा. मी सरळ ३००० वॅटचा एलिमेंट बसवून घेतला, पाणी दहा-पंधरा मिनिटांत तापतं. एवढी गणितं करत बसायची काही गरज नाही, एलिमेंट बदला आणि मोकळं व्हा.

टाँगटेस्टर:
दादा, तुमच्याकडे चाललंय ते चांगलंच आहे पण ताईंना हा सल्ला मी देणार नाही, आणि का ते आकड्यांनीच सांगतो. ३००० वॅटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स ५२९०० ÷ ३००० = १७.६ ओहम. आज संध्याकाळी व्होल्टेज कमी आहे म्हणून तो १० अँपियरच्या आसपास घेईल. पण रात्री अकराला गाव झोपलं, शेतीच्या मोटारी बंद झाल्या आणि व्होल्टेज चढून २४० झालं की तोच १३ अँपियरच्या वर जाणार. ताईंच्या रस्त्यात आत्ताच १.८६ ओहम आहेत. १० अँपियरला तिथे होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, १०० × १.८६ = १८६ वॅट. आत्ता ९१ आहे, ती दुप्पट होईल. करंट दीडपटही वाढला नाही पण उष्णता दुप्पट झाली, हा वर्ग फार वाईट असतो. गीझर बदलायच्या आधी वायर तपासायची, हा क्रम उलटा करून चालणार नाही. तुमच्याकडे ३००० चा बसवलाय तर तुम्ही पण बोर्ड उघडून बघून घ्या, सॉकेट १६ अँपियरचं आहे ना, वायर किमान अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलीमीटर जाडीची) आहे ना, चार स्क्वेअरची असेल तर फारच उत्तम.

स्टॅबिलायझरचं ताईंनी विचारलं होतं ते राहिलं. तो व्होल्टेज वाढवून देतो पण वॅट काही हवेतून आणत नाही. त्याने गीझरला २३० व्होल्ट आणि ८.७ अँपियर द्यायचे म्हणजे मागून, १८०-१९० व्होल्टच्या लाईनमधून, त्याला ११ अँपियर ओढावे लागतील. मग त्या १.८६ ओहमवर आणखी व्होल्ट पडतील. गीझरसाठी स्टॅबिलायझर घेऊ नका, तेवढ्या पैशात चांगली वायर येते.

घाटमाथा:
सर, खूप खूप आभार. एवढं समजावून कोणी सांगत नाही. आज दीर आला होता, मोजून घेतलं. गीझर चालू असताना मीटरच्या बोर्डवर १९५ व्होल्ट, बाथरूमला तेच १८५. करंट ७च. मीटरपासून बाथरूम पंधरा मीटर असेल, वायर दीड स्क्वेअरची आहे असं दिराला वाटतंय पण ती भिंतीत गेलीये, मधलं दिसत नाही.

अजून एक गोष्ट केली. आमच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि खाली ३२०० इम्पल्स एका युनिटला असं लिहिलंय. दीर म्हणाला याच्यावरून पण वॅट काढता येतात. घरातलं सगळं बंद केलं, फ्रीजचा पण प्लग काढला, नुसता गीझर ठेवला आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लागतो ते मोबाईलवर व्हिडिओ काढून मोजलं. ७३ वेळा. त्याचं गणित करून बघितलं, ७३ × ६० ÷ ३२०० = १.३७ किलोवॅट म्हणजे १३७० वॅट. पण सॉकेटवर तर १२९५च येतात. मीटर जास्त पळतोय का? त्याची तक्रार करायची का?

टाँगटेस्टर:
ताई, तुमचा मीटर बरोबर आहे आणि तुम्ही केलेली ही मोजणी मला इतकी आवडली की उद्या वर्गात फळ्यावर मांडणार आहे.

मीटर मोजतो ते मीटरच्या जागेवरचं मोजतो. तिथे व्होल्टेज १९५ आहे, करंट तोच ७, कारण एकाच रस्त्याने जाणारा करंट सगळीकडे सारखाच असतो. १९५ × ७ = १३६५ वॅट. दिव्यावरून १३७० आले. गीझरपाशी १८५ × ७ = १२९५. दोन्हीतला फरक १० व्होल्ट गुणिले ७ अँपियर, ७० वॅट. गीझरच्या १२९५ वॅटला मिनिटाला ६९ वेळाच दिवा लागायला पाहिजे होता, तो ७३ वेळा लागला. वरचे चार लुकलुकाट म्हणजे तुमच्या भिंतीत तापणारी वायर. ती वीज मीटरच्या पुढे वाया जातेय म्हणून तिचे पैसे पण तुमच्याच बिलात.

आता बघा, आधीचे १३ व्होल्ट दोन भागांत फुटले. ३ व्होल्ट डीपीपासून मीटरपर्यंत पडतात, १० व्होल्ट घरात. म्हणजे जास्त दोष बाहेरच्या लाईनचा नाही, घरातला आहे. तांब्याची दीड स्क्वेअरची वायर असेल तर तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम. पंधरा मीटर अंतर म्हणजे फेज आणि न्यूट्रल मिळून तीस मीटर, जाणारी आणि येणारी दोन्ही धरायची, हे विसरायचं नाही. ३० × १२ ÷ १००० = ०.३६ ओहम. ७ अँपियरला अडीच व्होल्ट पडायला पाहिजेत. तुमच्याकडे दहा पडतात. उरलेले साडेसात व्होल्ट गुणिले ७ म्हणजे ५० वॅटच्या वर उष्णता कुठल्यातरी एका जॉईंटमध्ये होतेय. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग गन २५ वॅटची असते, तशा दोन गन भिंतीतल्या टेपखाली रोज अर्धा तास चालू आहेत असं समजा.

आणि तुम्ही व्होल्टेज शेजारच्या सॉकेटमध्ये मोजलंय, गीझरच्या प्लगवर नाही. त्यामुळे प्लगची पिन ढिली किंवा सॉकेट जळालेलं, ही शक्यता निघून गेली, तसं असतं तर शेजारच्या सॉकेटला व्होल्टेज चांगलं दिसलं असतं. दोष बोर्डच्या मागे, मीटरच्या पुढे. मधे कुठे जंक्शन बॉक्स आहे का, माळ्यावर, पोटमाळ्यावर, खोली नंतर वाढवली असेल तर जुनी आणि नवी भिंत जिथे मिळते तिथे, बघा. मेन स्विच पाडून, टेस्टरने खात्री करून मगच उघडायचं. जॉईंट सापडून दुरुस्त होईपर्यंत गीझर बंद ठेवा, चुलीवर पाणी तापवा, पण हा लोड चालवू नका.

शिवारमोटार:
सायेब, सगळं वाचलं. तुमी म्हणताय व्होल्टेज कमी झालं की करंट पण कमी होतो. पण आमच्या हिरीवरच्या ५ एचपीच्या मोटारीला उलटं होतंय की. व्होल्टेज पडलं की स्टार्टरवरचा अँपियरचा काटा वर चढतोय, मोटार गुरगुरती आणि मागच्या उन्हाळ्यात वायंडिंग जळालं, भरायला हजारांनी पैसं गेलं. मग ओहमचा नियम मोटारीला लागत न्हाई का?

टाँगटेस्टर:
दादा, मोटार म्हणजे गीझर नव्हे, म्हणून असं होतं. गीझरला कुणी काम सांगितलेलं नसतं, जेवढं व्होल्टेज मिळेल तेवढं तापायचं. मोटारीला पाणी वर फेकायचंय, तो भार ठरलेला आहे. व्होल्टेज पडलं तरी पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग मोटारीचा वेग थोडा पडतो आणि ती तेवढं काम करायला जास्त करंट ओढते. फिरत असताना मोटार स्वतः आतून उलटं व्होल्टेज तयार करत असते आणि तेच करंटला धरून ठेवतं, वेग कमी झाला की ती पकड ढिली होते. म्हणून मोटारीच्या वायंडिंगचा रेझिस्टन्स मल्टीमीटरने मोजून २३० ला किंवा ४१५ ला भागलं तर भलताच मोठा आकडा येतो, तो चालू मोटारीचा करंट नव्हे.

ओहमचा नियम वायंडिंगच्या तांब्याला मात्र लागतोच, आणि तिथेच ती जळते. ५ एचपीची मोटार भरल्या लोडवर फेजला ८ अँपियरच्या आसपास घेते. व्होल्टेज पडून ती १०.५ वर गेली म्हणजे करंट १.३ पट, पण वायंडिंगमधली उष्णता १.३ × १.३ म्हणजे जवळजवळ १.७ पट. वायंडिंगच्या तारेवरचं वार्निशचं आवरण किती दिवस सहन करणार? ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद पाडणारा) मोटारीच्या पाटीवरच्या अँपियरला लावून ठेवा. रिले सारखा पडतो म्हणून कुणी त्याचा काटा वर फिरवून ठेवला असेल, तर आधी तो खाली आणा.

अजून एक, मोटारीची पॉवर नुसतं व्होल्टेज गुणिले करंट करून येत नाही. थ्री फेजला व्होल्टेज × करंट × १.७३ आणि त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरे वॅट आहेत त्या प्रमाणाने, गुणायचं, तो ०.८ च्या आसपास धरा. ४१५ × ८ × १.७३ × ०.८ केलं की साधारण ४६०० वॅट येतात. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट, ते शाफ्टवर मिळणारे. मधला फरक मोटारीतली उष्णता आणि घर्षण. फ्रीज, मिक्सर, पंखा यांना पण पॉवर फॅक्टर लागतो. गीझर आणि इस्त्रीला तो १ असतो, म्हणून ताईंचा सरळ गुणाकार बरोबर आला.

बारावी_सायन्स:
काका, मग एलईडी बल्बचं काय? तो गीझरसारखा का मोटारीसारखा?

टाँगटेस्टर:
चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी मोटारीच्या बाजूचा. आतलं सर्किट एलईडीला ठरलेला करंट देत राहतं, त्यामुळे व्होल्टेज कमी झालं तरी उजेड तोच राहतो आणि लाईनमधून करंट थोडा जास्त घेतला जातो. मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं ते याच कारणाने. स्वस्तातल्या एलईडीत नुसता कॅपॅसिटर असतो, तो व्होल्टेजबरोबर मंद होतो.

घाटमाथा:
सर, सापडलं! पोटमाळ्यावर एक पत्र्याचा डबा होता, त्यात जुन्या घराची अॅल्युमिनियमची वायर आणि बाथरूम बांधताना टाकलेली तांब्याची वायर एकमेकींना नुसती पिळून वरून टेप गुंडाळलेली. टेप तपकिरी होऊन कडक झाली होती, सोलताना तुकडे पडले, आतली अॅल्युमिनियमची टोकं पांढरट भुकटीसारखी झाली होती आणि फेजच्या बाजूचं प्लॅस्टिक बोटभर वितळलेलं. त्याच्या शेजारी सासूबाईंनी वाळवणाची गोणपाटं ठेवलेली असतात. ते बघून खरंच पोटात गोळा आला.

दिराने ती वायरच काढून टाकली, मीटरपासून बाथरूमच्या बोर्डपर्यंत अडीच स्क्वेअरची तांब्याची नवी वायर टाकली, मधे एकही जॉईंट नाही, गीझरला वेगळा १६ अँपियरचा एमसीबी दिला आणि अर्थिंगची वायर पण नवी ओढली. आज संध्याकाळी परत मोजलं, त्याच वेळेला, गीझर बंद असताना १९८च होतं. चालू केल्यावर मीटरपाशी १९५, बाथरूमला १९३, करंट ७.३. गुणाकार १४०९ वॅट. पाणी पण आधीपेक्षा लवकर तापलं. करंट मात्र वाढला, ७ चा ७.३ झाला, हे ठीक आहे ना?

टाँगटेस्टर:
एकदम ठीक, आणि असंच व्हायला पाहिजे होतं. रस्त्यातला अडथळा गेला म्हणून करंट थोडा वाढला. पडताळा बघा, १९३ ÷ ७.३ = २६.४ ओहम, कॉईल तीच. घरातले दहा व्होल्ट आता दोनावर आले, म्हणजे ७० वॅटचे पंधराएक राहिले आणि ते पण सगळ्या वायरभर पसरलेले, हाताला कोमट सुद्धा लागणार नाही. दिराला माझ्याकडून शाबासकी सांगा, वायरच बदलून टाकली हे उत्तम केलं. अॅल्युमिनियम आणि तांबं नुसतं पिळून जोडलं की दोघं गरम-गार होताना कमी-जास्त फुगतात, जॉईंट सैल होतो, अॅल्युमिनियमवर ऑक्साईडचा थर चढतो, तो वीज वाहू देत नाही, रेझिस्टन्स वाढतो, मग अजून तापतं. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

राहिलं बाहेरचं १९८. एलटी (घरगुती, कमी दाबाच्या) ग्राहकाला २३० च्या अधिक-उणे ६ टक्क्यांत व्होल्टेज मिळायला पाहिजे, म्हणजे २१६ ते २४४. तुमचं त्याच्या बरंच खाली आहे. आठवडाभर रोज संध्याकाळी सात आणि रात्री अकराला मीटरपाशी व्होल्टेज लिहून ठेवा, तारीख-वेळेसकट, आणि वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन लेखी तक्रार द्या, पोच घ्यायला विसरू नका. नुसतं लाईट कमी येते असं लिहिलेल्या अर्जापेक्षा आकडे लिहिलेला अर्ज जड पडतो.

शिवारमोटार:
सायेब, एक शेवटचं. आमची मोटार स्टार्टरपास्नं ३०० मीटर लांब हाय. केबल अडीच स्क्वेअरची तांब्याची. तिचा पण असाच हिशेब व्हतो का? बदलावी का ती?

टाँगटेस्टर:
होतो की. अडीच स्क्वेअरची लवचिक तांब्याची केबल किलोमीटरला ८ ओहम, ३०० मीटरला एका फेजला २.४ ओहम. थ्री फेजमध्ये परतीची वायर नसते म्हणून दुप्पट करायचं नाही. प्रत्येक फेजमध्ये ८ × ८ × २.४ = १५४ वॅट, तिन्ही मिळून ४६० वॅट केबलमध्येच जातात, आणि मोटारीपाशी व्होल्टेज २६-२७ नी कमी पोचतं. तुमच्याकडे आधीच कमी येतंय, त्यातून हे अजून वजा. चार स्क्वेअरची टाकली तर वाया जाणारे ४६० चे २९० होतील, सहा स्क्वेअरची टाकली तर १९० च्या आसपास, आणि व्होल्टेज अकराच कमी होईल. मोटार परत भरायच्या खर्चाशी ताडून बघा, ३०० मीटरला मी सहाच टाकेन.

पण केबल घ्यायला जायच्या आधी एकदा तिन्ही फेजचा करंट वेगवेगळा मोजा. क्लॅम्प एका वेळी एकाच वायरला लावायचा, पूर्ण केबलला लावलात तर तिन्ही एकमेकांना मारतात आणि काटा शून्यावर दिसतो. एक फेज बाकी दोघांपेक्षा बराच वेगळा दिसला तर आधी स्टार्टरचे कॉन्टॅक्ट आणि किटकॅट (फ्यूज) उघडून बघा, तिथे ताईंच्या डब्यासारखाच एखादा जॉईंट बसलेला असू शकतो.